आठ कोंबड्यांचं म्हणून घेतलेलं खुराडं, आणि ठकी

खोक्यावर '८ कोंबड्यांसाठी' असं ठळक छापलेलं होतं. दीड वर्ष वापरून सांगते, या खुराड्यात चार कोंबड्या सुखानं राहतात. पाच ठेवायच्या तर त्या दिवसभर बाहेर मोकळ्या असायला हव्यात. आतली जमीन ४ फूट लांब आणि ३ फूट रुंद आहे, म्हणजे १२ चौरस फूट. मध्यम अंगाच्या एका कोंबडीला आत ३ ते ४ चौरस फूट जागा लागते, आणि बाहेरच्या जाळीत ८ ते १०. झोपायची दांडी एकच, तीही ४ फुटांची. कोंबडीला दांडीवर ८ ते १० इंच लागतात, तेव्हा तिथेही पाचच बसणार. उरलेल्या तिघी रात्री कुठे बसायच्या, याचं उत्तर माहितीपत्रकात नाही. जागा अपुरी पडली की कोंबड्या एकमेकींची पिसं उपटतात, आणि एकदा रक्त दिसलं की सगळ्या तिथेच चोच मारतात. म्हणून पहिली सूचना हीच, की खोक्यावरचा आकडा निम्मा करूनच खुराडं निवडा.

कंपनीचं नाव देत नाही, कारण याच बांधणीची खुराडी निरनिराळ्या नावांनी विकली जातात. ओळखायला सोपी आहेत. उतरतं छप्पर, एका बाजूला अंड्यांची पेटी आणि तिला वर उघडणारं झाकण, चढायला छोटी शिडी, खाली ओढून काढायचा पत्र्याचा ट्रे आणि पुढे जोडलेलं जाळीचं अंगण. जोडणी दोन माणसांनी अर्ध्या दिवसात होते. भोकं नीट पाडलेली होती, एकही स्क्रू कमी आला नाही. ट्रे तर फार उपयोगाचा. रोज सकाळी ओढायचा, खरवडायचा, वर मूठभर भुसा टाकायचा, पाच मिनिटांत काम संपतं. अंड्यांची पेटीही चांगली. साधारण १२ इंचांचे दोन खण आहेत. चार-पाच कोंबड्यांना एक खण पुरतो, त्यामुळे दोन भरपूर झाले.

आता दांडीबद्दल, कारण इथे मी पहिले दोन आठवडे हैराण झाले होते. कोंबडीला रात्री सगळ्यात उंच जागा हवी असते. या खुराड्यात दांडी आणि अंड्यांच्या पेटीचा उंबरा एकाच उंचीवर आहेत. त्यामुळे माझ्या तलंगा, म्हणजे अजून अंडी न देणाऱ्या तरुण कोंबड्या, सरळ पेटीत जाऊन झोपायच्या आणि सकाळी पेटी विष्ठेनं भरलेली असायची. पुढे अंडी सुरू झाल्यावर ती त्याच घाणीत पडली असती. मी दांडी काढून ९ इंच वर नवी बसवली. मूळची दांडी झाडूच्या दांड्याएवढी गोल आणि बारीक होती. त्याऐवजी २ इंच रुंदीची चपटी पट्टी घेतली आणि तिच्या कडा घासून गोल केल्या. अशा पट्टीवर कोंबडी पाय पसरून बसते, थंडीत स्वतःच्या पोटाच्या पिसांनी बोटं झाकते, आणि तळपायाला जखम होऊन गाठ धरण्याचा धोका कमी होतो. दुसऱ्या रात्री पाचहीजणी दांडीवर होत्या.

दुसऱ्या महिन्यात एका सकाळी मुलगा पाणी बदलायला गेला आणि तसाच धावत परत आला. "आई, चारच आहेत."

अंगणाच्या मागच्या कोपऱ्यात जाळी चौकटीपासून उचकटलेली होती आणि बाहेर आमच्या तांबडी कोंबडीची पिसं पडली होती. कोणतं जनावर आलं ते कळलं नाही. कळलं ते एवढंच, की कंपनीनं लावलेली षटकोनी भोकांची जाळी बारीक पिनांवर टिकून होती, आणि मीही तिच्यावर विसंबून खुराड्यातून अंगणात उतरायचं दार रात्री उघडंच ठेवत होते. असली जाळी कोंबडीला अडवायला पुरते. दात आणि पंजे असलेलं जनावर ती ओढून काढतं, आणि भोकं मोठी असल्यामुळे पंजा आत घालून कोंबडीला जाळीशी ओढतं. मी सगळी जाळी काढली. तिच्या जागी अर्ध्या इंची चौकोनी भोकांची, सांधे वेल्ड केलेली जाळी लावली आणि ती पिनांवर न ठेवता स्क्रू आणि वायसर घालून आवळली. खाली चहूबाजूंनी दीड फूट रुंदीची जाळी जमिनीवर आडवी पसरली, कडेनं खिळवली आणि वर माती लोटली. उकरणारं जनावर भिंतीच्या अगदी पायथ्याशी उकरतं, मागे सरून दीड फुटावरून सुरुवात करायचं त्याच्या डोक्यात येत नाही. खुराड्याच्या किमतीचा जवळजवळ तिसरा हिस्सा या जाळीवर गेला. हा खर्च धरूनच तुलना करा.

कड्याही बदलाव्या लागल्या. फिरवली की सुटते अशी लाकडी खिटी होती. आता प्रत्येक दाराला कोयंडा आहे आणि त्यात अडकवायचा स्प्रिंगचा हूक. अंड्यांच्या पेटीच्या झाकणालाही. ते झाकण लोक विसरतात, आणि ते उचललं की सरळ कोंबडीच्या अंगावर हात जातो.

छपरावर डांबरी कागद ठोकलेला होता. पाऊस त्यानं उत्तम अडवला, पण सातव्या-आठव्या महिन्यात कोंबड्या संध्याकाळी आत जायला कुरकुर करू लागल्या. तुरे फिके पडले, अंडी कमी झाली. मी रात्री टॉर्च घेऊन गेले आणि दांडीच्या खालून पांढरं फडकं फिरवलं. फडक्यावर रक्ताच्या रेघा उमटल्या. ते लाल माइट होते, रक्त पिणारे बारीक किडे. दिवसा ते लाकडाच्या फटींत बसतात आणि रात्री कोंबड्यांवर चढतात, म्हणून दिवसा कोंबडी उचलून पाहिली तर अंगावर काही सापडत नाही. उबदार हवेत आठवड्याभरात त्यांची नवी पिढी तयार होते, आणि रिकाम्या खुराड्यातही ते काही महिने उपाशी तग धरतात. त्यांचा अड्डा त्या डांबरी कागदाखाली होता. मी कागद फाडून काढला, सांध्यासांध्यांत उकळतं पाणी ओतलं, ते सुकल्यावर फटी बुजवल्या, छपरावर पन्हळी पत्रा टाकला आणि पत्रा तापू नये म्हणून खाली हवा खेळती ठेवली. कोंबड्यांसाठीचं औषध डॉक्टरांना विचारून दिलं, आणि त्या औषधानंतर किती दिवस अंडी खायची नाहीत हेही विचारून घेतलं. दुसऱ्यांदा खुराडं घेताना मी सगळ्यात आधी छप्पर पाहीन.

आपोआप उघडझाप होणारं दार वेगळं विकत घेतलं होतं. उजेडावर चालतं, बॅटरीवर. बाहेरचं अंगण फोडलं गेलं तरी कोंबड्या आत बंद असाव्यात म्हणून तांबडी गेल्यानंतर ते बसवलं. कोंबड्या तिन्हीसांजेला आपण होऊन घरात येतात, त्यामुळे ही सोय खरी उपयोगाची आहे. फक्त नव्या आणलेल्या कोंबड्या आठवडाभर आतच ठेवाव्या लागतात, म्हणजे घर कुठलं ते त्यांच्या मनात पक्कं होतं. दाराचा दोष ढगाळ संध्याकाळी दिसतो. आभाळ भरून आलं की ते वेळेआधी मिटतं. त्याबद्दल पुढे सांगते, कारण ती हकीकत ठकीची, म्हणजे आमच्या कुत्रीची आहे.

तांबडी गेली त्या दिवसापासून प्रत्येकजण मला एकच सांगत होता, कुत्रं आण. मी तीन महिने थांबले. फाटकी जाळी तशीच ठेवून कुत्रं आणलं असतं तर त्याच्यावर असं काम पडलं असतं जे रोज रात्री एकट्यानं निभावणं कुठल्याच जनावराला शक्य नाही. जाळी झाली, दार झालं, तीन महिने एकही नुकसान झालं नाही, मग मी कुत्र्यांच्या निवाऱ्यात गेले.

त्या निवाऱ्याच्या कामाला माझे पैकीच्या पैकी गुण. मी काही विचारण्याआधी तिथल्या ताईंनीच मला बसवून प्रश्न विचारले. कुत्रं रात्री कुठे झोपणार? दिवसा घरी कोण असतं? कोंबड्या मोकळ्या असतात की जाळीत? रात्री भुंकलं तर शेजाऱ्यांची तक्रार येईल का? मला तिथलं चार महिन्यांचं एक पिल्लू फार आवडलं होतं. त्या म्हणाल्या, "ताई, पिल्लू नका नेऊ. पिल्लाला फडफडणारी कोंबडी म्हणजे खेळणं वाटतं. त्याला शहाणपण यायला दीड-दोन वर्षं जातील, आणि तोवर तुम्हाला त्याच्यापासूनच कोंबड्या राखाव्या लागतील. मोठी कुत्री न्या, तिचा स्वभाव समोर दिसतो."

आणि त्यांनी तो खरंच समोर दाखवला. दूर एका पिंजऱ्यात दोन कोंबड्या ठेवल्या आणि तीन मोठी कुत्री एकेक करून पट्ट्यावर जवळ नेली. पहिला तपकिरी कुत्रा जागच्या जागी ताठ झाला, शेपूट दांड्यासारखी, अंगाला सूक्ष्म थरथर, नजर हलेना. नाकासमोर खाऊ धरला तरी त्याला तो दिसत नव्हता. दुसरी भुंकून ओढू लागली. तिसरी ठकी, तीनेक वर्षांची. तिनं कान टवकारून पाहिलं, मग जमीन हुंगली आणि हाक मारल्याबरोबर मागे वळली. "ही," त्या म्हणाल्या. भुंकणाऱ्यापेक्षा गप्प ताठ होणारा कुत्रा कोंबड्यांना जास्त धोक्याचा, हे मी त्या दिवशी शिकले. तुम्ही जिथून कुत्रं घ्याल तिथे ही चाचणी मागा. पंधरा दिवस घरी ठेवून पाहायची आणि न जमल्यास परत आणायची मुभा त्यांनी दिली होती. नसबंदी, रेबीजची लस, इतर लसी, जंतांचं औषध सगळं झालेलं आणि कागदावर लिहिलेलं होतं.

जातीचा आग्रह धरणाऱ्यांसाठी थोडं सांगते. कुत्र्याची शिकार क्रमानं होते. आधी नजर रोखणं, मग दबा, मग पाठलाग, मग पकड, मग मारणं. मेंढरं वळवणाऱ्या जातींमध्ये नजर आणि पाठलाग माणसानं मुद्दाम वाढवले आहेत, आणि पळणाऱ्या कोंबडीमागे अशी कुत्री हमखास लागतात. मारेम्मा, ग्रेट पिरेनीज, कांगल या राखणदार जातींत हाच क्रम निवडीनं दबवलेला आहे. पण त्यांना मोठं रान लागतं, दोन वर्षांपर्यंत त्या मनानं पिल्लंच असतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी राखली ती मुख्यतः मेंढरं-बकऱ्यांसारखी जनावरं. कोंबडी फडफडते, आणि शिकवल्याशिवाय ते कुठल्याही जातीच्या अंगवळणी पडत नाही. चार-पाच कोंबड्यांच्या परसासाठी शांत स्वभावाची मिश्र कुत्री मला जास्त योग्य वाटते.

पहिले दोन आठवडे ठकी आणि कोंबड्यांच्या मध्ये कायम जाळी होती. दिवसातून तीनदा पट्ट्यावर घेऊन जाळीजवळ जायचं, ती कोंबड्यांकडून नजर काढून माझ्याकडे बघेल त्या क्षणी खाऊ द्यायचा, आणि दहा मिनिटांत परत. तिसऱ्या आठवड्यात मला वाटलं जमलं. एका हातात पाण्याचं भांडं होतं म्हणून पट्टा खाली टाकला. कवडी फडफडत माझ्या पायातून गेली आणि ठकीनं तिची शेपटी धरली. "सोड" म्हटल्यावर सोडली, पण तोंडात मूठभर पिसं होती आणि कवडीच्या पाठीवर उथळ जखम. जखम मिठाच्या पाण्यानं धुतली आणि कवडीला दोन दिवस अंधाऱ्या, उबदार खोक्यात एकटी ठेवली. रक्ताचा डाग दिसला असता तर बाकीच्यांनी तिला टोचून मारलं असतं. चूक पूर्ण माझी होती. ठकीवर ओरडून उपयोग नव्हता, ओरडण्यानं कुत्रं आणखी चेकाळतं. पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात केली, आणि पुढचे दोन महिने तिच्या पट्ट्याला ३० फुटांची दोरी होती. ती जमिनीवरून घासत यायची, म्हणजे पळाली तर दोरीवर पाय देता यावा. वर्षभर तिला मोकळ्या कोंबड्यांसोबत एकटी सोडली नाही. आता सोडते, पण मी घरात असतानाच.

तर त्या ढगाळ संध्याकाळी दार लवकर मिटलं होतं. मी आत होते. ठकी भुंकत होती, नेहमीचं रस्त्याकडे बघून भुंकणं नव्हतं ते. दोन भुंकी, मग थांबणं, मग पुन्हा दोन. टॉर्च घेऊन गेले तर काळी बाहेर राहून छपरावर बसली होती आणि ठकी खाली उभी राहून आळीपाळीनं तिच्याकडे आणि घराकडे बघत होती. मी काळीला उचलून आत घातलं आणि तिथेच मातीत बसून बराच वेळ ठकीच्या गळ्यात हात टाकून राहिले. राखण जाळीच करते. ठकीचा मोठा गुण हा की ती वर्दी देते, आणि तिचा वास, तिचं रोज कुंपणालगत मुतणं, रात्रीचं फिरणं यामुळे बरीच जनावरं आमची वाट टाळत असावीत. तेव्हापासून दाराला उजेडाऐवजी घड्याळ लावलं आहे आणि दर पंधरवड्याला वेळ बदलते.

ऑस्ट्रेलियात वॉर्नाम्बूलजवळ मिडल आयलंड नावाचं छोटं बेट आहे. ओहोटीला कोल्हे तिथे पोचून लहान पेंग्विन मारत. २००६ मध्ये तिथे मारेम्मा कुत्री ठेवली, आणि ही कल्पना अशाच कुत्र्यांकडून मोकळ्या कोंबड्या राखणाऱ्या एका कोंबडीपालकाची होती. दहाच्या आत आलेले पेंग्विन पुन्हा वाढले. पण २०१७ मध्ये कुत्री बेटावर नसताना कोल्हे शिरले आणि पेंग्विन मोठ्या संख्येनं मारले गेले. अतिरेक वाटेल, पण ठकी डॉक्टरकडे असते त्या रात्री मला हेच आठवतं, आणि मी दोनदा कड्या बघून येते.

कुत्रं घरात आल्यावर एक गोष्ट आजच्या आज थांबवा, ती म्हणजे उंदराचं विष. कोंबड्यांचं खाद्य सांडलं की उंदीर येतात, विष खाल्लेला उंदीर कुत्रं खातं, आणि ते विष त्याच्याही रक्तात उतरतं. उंदीर कमी करायचे तर खाद्य घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा आणि खाद्याचं भांडं कोंबडीच्या पाठीच्या उंचीला टांगा, म्हणजे ती उकरून सांडत नाही. एक कोंबडी दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाते, तेवढंच घाला. अंडी दिवसातून दोनदा उचला. फुटलेल्या अंड्याची चव एकदा कोंबडीला किंवा कुत्र्याला लागली की सवय मोडणं अवघड जातं.

खुराड्याला मी पाचपैकी अडीच देते. ट्रे, पेटी आणि जोडणी चांगली, पण जाळी, दांडी, कड्या, छप्पर बदलायची तयारी असेल तरच घ्या. हातात करवत धरता येत असेल तर तेवढ्याच खर्चात थोडं मोठं खुराडं घरी बांधा. दाराला चार, घड्याळावर लावलं तर. निवाऱ्याला पाच.

कवडी सध्या खुडूक आहे. ओळखीच्यांकडून सहा फलित अंडी आणून तिच्याखाली ठेवली, येत्या गुरुवारी २१ दिवस भरतील. तिला वेगळ्या बंद पेटीत बसवली आहे, कारण पिल्लं बाहेर पडली की खुराड्यातल्या अंड्यांच्या पेटीच्या उंबऱ्यावरून खाली पडतील. त्यांना अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य चालत नाही, त्यातलं जास्तीचं कॅल्शियम कोवळ्या मूत्रपिंडांना बाधतं, म्हणून पिल्लांचं वेगळं खाद्य आणून ठेवलं आहे. अर्ध्या इंची जाळीतून पिल्लू जात नाही, हे कोपऱ्यांत बोट घालून तपासलं. ठकी पुन्हा ३० फुटांच्या दोरीवर आहे.